भाडेकरूंच्या खुर्च्या

"अगं, चहा टाक ना जरा सगळ्यांना. तुला माहितीच आहे कुठे काय आहे ते."

वहिनी असं म्हणाल्या तेव्हा मी खुर्चीवर बसले होते. डाव्या हाताला नवरा, उजव्या हाताला पोरगी. समोर सोफ्यावर सोसायटीची कमिटी. आमची मुलाखत चालली होती. आम्हाला त्या बिल्डिंगमध्ये रूम भाड्याने द्यायची की नाही, हे ती माणसं ठरवणार होती.

आणि मी उठले.

कुणी दंडाला धरून उठवलं नाही. कुणी ओरडलं नाही. वहिनी हसूनच म्हणाल्या, रोज म्हणतात तशाच. मीही रोजच्यासारखी उठले. चांगली साडी नेसले होते, बहिणीच्या लग्नातली. तिचा पदर कमरेला खोचला आणि किचनमध्ये जाऊन गॅस पेटवला. जे आम्हाला तपासायला बसले होते त्यांच्यासाठी आलं किसायला घेतलं.

आता बाया विचारतात, तुला राग नाही आला गं? नाही आला. खोटं कशाला बोलू. उलट मला आनंद झाला. त्या क्षणी माझ्याएवढी खूश बाई अख्ख्या मीरा रोडमध्ये नसेल. हे कसं, ते नीट सांगते. मधूनच सांगितलं तर तुम्हाला मी येडी वाटेन.

मी आजारी माणसं सांभाळायचं काम करते. नर्सिंग ब्युरोतून पाठवतात, बारा तासांची ड्युटी. या वहिनींचे मिस्टर म्हणजे साहेब, त्यांच्या आईकडे मी तीन वर्षं होते. आजींचं अर्धं अंग गेलेलं. त्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, डायपर बदलायचं, पाठीला पावडर लावायची. आजींना बोलता फार येत नव्हतं, पण माझा हात लागला की डोळे मिटून शांत पडायच्या. सुनेचा लागला की कण्हायच्या. वहिनी स्वतःच हे सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या. "आमच्या आईंना हिच्याशिवाय चालत नाही. घरचीच आहे ती आता."

माणसं वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते. आधी दादरला राहायची, जागा लहान पडायला लागली म्हणून इकडे आली. साहेब बँकेतून रिटायर झालेले. तीन वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. दिवाळीला साडी, पोरीला वह्या. राक्षस असते तर बरं झालं असतं. पहिल्याच महिन्यात पळून गेले असते.

पहिल्या दिवशी वहिनींनी सिंकखालच्या फळीवरचा एक स्टीलचा ग्लास दाखवला होता. "हा तुझा हं." त्याच्या शेजारी दुसरा, लादी-भांडी करणारीचा. तिसरा जास्तीचा, कुणी प्लंबर वगैरे आला तर. मला तेव्हा चांगलंच वाटलं. आपला वेगळा ग्लास, कुणाचा उष्टा नाही. तीन वर्षं मी त्या ग्लासातून चहा प्याले, धुतला, पालथा घातला. त्या फळीवर कधी कुणी बोट ठेवून काही बोललं नाही. बोलायची गरजच पडली नाही.

साहेब सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीचं ऑफिस म्हणजे मीटररूमच्या बाजूची कोंदट खोली. तिथे कोण बसणार? म्हणून नव्या भाडेकरूंच्या मुलाखती रविवारी सकाळी साहेबांच्याच हॉलमध्ये व्हायच्या. इकडे ही पद्धतच आहे. फ्लॅट मालकाचा, भाडं मालकाला, पण आधी कमिटीने माणसं बघायची. मुलगी बघतात ना, तसं. बायको पाहिजे, पोरं पाहिजेत, सगळ्यांनी यायचं. बाल्कनीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आत आणायच्या आणि सोफ्यासमोर लावायच्या. ते काम माझं. मी पुसून लावायचे. भाडेकरूंच्या खुर्च्या, असंच म्हणायचो आम्ही त्यांना.

मग प्रश्न. काय काम करता? गाव कुठलं? घरात किती माणसं, पाहुणे किती येतात? नॉनव्हेज? एकटी मुलगी असली तर तिला जास्त. रात्री किती वाजता येतेस, मित्र येतात का. काही लोकांचं तर नाव ऐकूनच फोनवर सांगायचे, सॉरी हं, रूम गेली. ती रूम मी आदल्या दिवशीच, वहिनींनी सांगितलं म्हणून, झाडलेली असायची.

मी आजींच्या खोलीच्या दारात उभी राहून बघायचे. काय लागतं कुणाला? आपलं आपलं काम. कमिटीला चहा, भाडेकरूंना पाणी. पण एक होतं. माणसं पसंत पडली की वहिनी माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "चहा टाक गं सगळ्यांना." सगळ्यांना म्हटलं की समजायचं, रूम दिली. मग भाडेकरूंनाही चहा. कपात, बशीत, दोन बिस्किटं. नुसतं "चहा आण" म्हटलं तर कमिटीपुरता. भाडेकरू पाणी पिऊन, "कळवतो" ऐकून जायचे. ही खूण मला माहीत होती, वहिनींना माहीत होती. खुर्चीवर बसणाऱ्यांना माहीत नव्हती.

म्हणून मी खूश झाले. वहिनी म्हणाल्या "सगळ्यांना". मला वाटलं, झालं, रूम मिळाली. पाच मिनिटांत काम झालं. घरचीच आहोत ना आपण.

रूमची गरज कशी होती ते सांगते. आम्ही भाईंदर ईस्टला राहायचो, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग जुनी. पिलरच्या सळ्या बाहेर आल्या होत्या, जिन्यात चालताना सिमेंटचे पापुद्रे डोक्यावर पडायचे. महापालिकेचे लोक आले, भिंतीवर लाल रंगाने 'धोकादायक' लिहून गेले. मग नोटीस. मग पाणी तोडलं. ज्यांच्या स्वतःच्या खोल्या होत्या त्यांना पुढे नव्या बिल्डिंगमध्ये जागा मिळणार, निदान तसं सांगत तरी होते. आम्ही भाडेकरू. आम्हाला कुणी काही सांगितलंच नाही. घरमालक म्हणाला, "बघा कुठेतरी लवकर. माझ्या डोक्याला ताप नको."

कुठेतरी म्हणजे कुठे? नवरा काशीमिऱ्याला गोडाऊनमध्ये लोडिंगचं बघतो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं ब्रोकरच्या मागे. हाटकेशला गेलो. शांतीपार्कला गेलो. भाईंदर वेस्टला गेलो. नव्या टॉवरमधली घरं आमची नव्हेतच, ती आम्ही बघितलीसुद्धा नाहीत. जुन्या बिल्डिंगमधली वन आरके, एक खोली आणि किचन, तेवढी परवडण्यासारखी. ब्रोकर आधी छान बोलायचा. मग हळूच, "ताई, पूरा नाम?" नाव सांगितलं की, "गाव?" गाव सांगितलं की, "नाही, म्हणजे... मालक विचारतात ना." मग संध्याकाळी फोन. "ताई, वो रूम तो गया."

एक ब्रोकर चांगला होता बिचारा. तो म्हणाला, "ताई, आडनाव दुसरं सांगा ना. किसको क्या पता चलेगा?" मी म्हटलं, भाऊ, अ‍ॅग्रीमेंटला आधार कार्ड लागतं, पोलीस व्हेरिफिकेशन लागतं. तिथे काय सासऱ्याला नवीन बाप देऊ? तो हसला. आम्हीही हसलो. त्याने चहा पाजला टपरीवर. रूम काही दिली नाही.

पोरगी शाळेत चौथीत. घरात पाणी नाही म्हणून समोरच्या हॉटेलातून दोन कॅन आणायचे, त्यात सगळं. वरून रोज कोणी ना कोणी सामान हलवायचं. जिना रिकामा होत चालला. खालच्या मजल्यावरची माणसं गेल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. ती भीतीही किती दिवस टिकते? मग नुसतंच बधिर झाल्यासारखं होतं. भांडी घासायची, डबा भरायचा, ड्युटीला जायचं. छताकडे बघायचंच नाही.

एक दिवस आजींचे केस विंचरताना मी हे वहिनींना सांगितलं. आजी ऐकत होत्या. त्यांनी चांगला हात उचलला आणि खाली बोट केलं. खाली, खाली. मला वाटलं काहीतरी पडलं. वहिनी म्हणाल्या, "अरे हो, खालची रूम! माझ्या दिरांची. रिकामीच पडलीय." दीर पुण्याला. ग्राउंड फ्लोअरला वन आरके, जिन्याशेजारी, उजेड कमी. भाडं आम्हाला जमण्यासारखं होतं. वहिनी म्हणाल्या, "तू इथेच आलीस तर आम्हालाही सोयीचं. रात्री-अपरात्री आईंना काही झालं तर हाक मारली की आलीस." साहेब म्हणाले, "इंटरव्ह्यू होईल कमिटीचा. फॉर्मॅलिटी आहे, टेन्शन घेऊ नको."

माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो नुसता खाली बसला. पोरगी मात्र नाचायला लागली. ती सुट्टीत कधीकधी माझ्याबरोबर तिथे यायची. खाली झोके आहेत ना त्या सोसायटीत. "आई, मग मी झोक्यावर बसू शकते?" मी म्हटलं, हो, आपली रूम झाल्यावर बस.

त्या रविवारी आम्ही आवरून गेलो. नवऱ्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पोरीच्या दोन वेण्या. मी रजा घेतली होती, आजींना त्या दिवशी वहिनींनीच आंघोळ घातली. गेटवर वॉचमन म्हणाला, "क्या मौसी, आज एकदम हिरोईन?" मी हसले. लिफ्टने वर गेलो. दार वहिनींनीच उघडलं. आणि माझा पाय सवयीने बाल्कनीकडे वळला, खुर्च्या आणायला. साहेब म्हणाले, "हां, तीन आण." मी तीन खुर्च्या आणल्या, पुसल्या, सोफ्यासमोर लावल्या. मग आम्ही त्यांच्यावर बसलो.

सोफ्यावर साहेब, चेअरमन आणि एक मॅडम. चेअरमन आमच्याशी हिंदीत बोलणारे, कपड्याचा धंदा त्यांचा. मॅडम वरच्या मजल्यावरच्या, मराठीच. वहिनी बाजूच्या खुर्चीत. पोरीला विचारलं कितवीत आहेस. नवऱ्याला विचारलं काम काय. आणि वहिनी म्हणाल्या, चहा टाक ना सगळ्यांना.

तर आता तुम्हाला कळलं मी का उठले.

किचन आणि हॉलच्या मध्ये दार नाही. मी पाणी ठेवलं, साखर टाकली. माझ्या मागे बोलणं चालू होतं. मला वाटलं, आता अ‍ॅग्रीमेंटचं बोलतील.

साहेब म्हणाले, "पूर्ण नाव सांगा हो तुमचं. लिहून घ्यायला हवं." तीन वर्षं त्यांच्या आईला मी उचलत होते. माझं आडनाव त्यांना माहीत नव्हतं. कधी लागलंच नव्हतं.

नवऱ्याने नाव सांगितलं.

कुणी काहीच बोललं नाही. मी तेव्हा चहा पावडर टाकत होते. मला पाठ वळवायचीही गरज नव्हती. ती शांतता मी हाटकेशला ऐकली होती, भाईंदर वेस्टला ऐकली होती. फक्त इथे ऐकायला येईल असं वाटलं नव्हतं.

"म्हणजे... मूळचे कुठले?" साहेबांनी विचारलं.

"जालना जिल्हा."

"नाही, म्हणजे तुम्ही कोण?"

"बौद्ध आहोत साहेब."

"अच्छा, अच्छा. आमचं काही नाही हो त्यात. आम्ही मानतच नाही."

चेअरमन म्हणाले, "वो सब तो ठीक है. लेकिन नॉनव्हेज का क्या है? ग्राउंड फ्लोअर है, स्मेल सीधा ऊपर आता है."

आणि माझा नवरा, जो शुक्रवारी बोंबील नसले तर ताटावरून उठतो, तो म्हणाला, "नहीं नहीं साहब. हम लोग बनाते ही नहीं."

फ्रिज माझ्या कोपराशी होता. त्यात सुरमई होती. आदल्या संध्याकाळी मीच साफ केलेली, हळद-मीठ लावून डब्यात भरून ठेवलेली, साहेबांच्या रविवारच्या जेवणासाठी. मी फ्रिज उघडून दूध काढलं, डबा बाजूला सरकवून. दूध टाकलं. तरी मला काही वाटलं नाही. खरंच सांगते. जाऊ दे, म्हणतील एखादं वाक्य, आपल्याला रूमशी मतलब. वहिनींनी "सगळ्यांना" म्हटलंय. चहाला उकळी आली. मी गाळायला घेतला.

ट्रे घेऊन बाहेर आले. साहेबांना कप. चेअरमनना कप. मॅडमना, वहिनींना कप. बशीत बिस्किटं. आणि मग ट्रेमध्ये उरलेलं मी आमच्या माणसांपुढे धरलं.

तीन स्टीलचे ग्लास.

सिंकखालच्या फळीवरचे. माझा, लादीवालीचा आणि प्लंबरचा.

कुणी सांगितलं नव्हतं मला. देवाशपथ कुणी सांगितलं नव्हतं. भाडेकरूंना कपात चहा द्यायची पद्धत, मीच द्यायचे, दर वेळी. पण आमच्यासाठी घेताना माझा हात वर गेलाच नाही. आपोआप खाली गेला. नवऱ्यासाठी, पोरीसाठी, माझ्यासाठी. मी वाकून तीन ग्लास उचलले, विसळले आणि भरले. माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि कमिटीतल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही. वहिनींच्याही नाही. त्या चहा फुंकत होत्या. त्यांना त्यात काहीच वेगळं दिसलं नाही.

दिसलं फक्त पोरीला. तिला ते ग्लास माहीत होते. सुट्टीत यायची तेव्हा मी त्यातूनच तिला पाणी द्यायचे. ती ट्रेकडे वाकली आणि हळू आवाजात, शहाण्या मुलीसारखं तिने विचारलं,

"आई, हा तुझा. मग माझा कुठला?"

तक्रार नव्हती हो तिची. तक्रार केली असती तर मी डोळे वटारले असते. ती नुसती विचारत होती. जागा विचारतात तशी. इथे आपण राहायला येणार, तर माझा ग्लास कुठला, तो मला सांगून ठेव, म्हणजे मी चुकणार नाही.

तिथे माझ्या कानात काहीतरी झालं. पंख्याचा आवाज बंद पडला. साहेब काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मला राग आला का? तोही आला नसावा. मला वाटलं, मी मेलेय आणि हे माझं अंग इथे ट्रे धरून उभं आहे. आणि हे अंग आता माझ्या पोरीला तिची फळी दाखवणार आहे.

नवऱ्याचा हात ग्लासाकडे आला. मी ट्रे मागे घेतला.

"थांबा," म्हटलं.

किचनमध्ये परत गेले. तिन्ही ग्लासांतला चहा पातेल्यात ओतला. वरचं कपाट उघडलं, काचेचं. त्यात वहिनींचे चांगले कप, सोनेरी काठाचे, लेकीच्या सासरचे आले तर काढायचे. ते मी तीन वर्षं पुसत होते. तीन कप काढले, तीन बशा काढल्या. चहा परत गरम केला.

बाहेर आल्यावर वहिनींनी पाहिलं. "अगं, हे कप कशाला काढलेस? ते पाहुण्यांचे आहेत."

"आज आम्ही पाहुणेच आहोत वहिनी," मी म्हटलं. "तुम्हीच बोलावलंत."

नवऱ्याला कप दिला. पोरीला दिला, बशीत ओतून, तिला गरम लागतो. मी माझा घेतला. माझ्या खुर्चीवर बसले आणि प्यायला लागले. चव लागली नाही. साखर घातली होती की नाही तेही कळलं नाही. पण मी सावकाश प्याले, शेवटच्या घोटापर्यंत.

मग मी चेअरमनकडे बघून म्हटलं, "साहब, ये झूठ बोले. हम खाते हैं. मच्छी, मटण, सब." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे मराठीतच बोलले, हिंदी संपली माझी. "वास येतो म्हणालात. येतो की. या घरातल्या सुरमईचा येतो तसाच येतो. फ्रिजमध्ये आहे आत्ता, कालच साफ करून ठेवलीय मी. आमची मच्छी काही जास्त वर चढणार नाही."

चेअरमननी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे. मॅडमनी बिस्कीट अर्धंच ठेवलं.

"तुम्हाला रूम द्यायची तर द्या," मी म्हटलं, "नाही द्यायची तर तोंडावर सांगा. कळवतो म्हणू नका. कळवतो म्हणजे काय, ते मला माहितीये. या घरात तुमचे चहाचे कप उचलताना ऐकलंय मी."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "असं बोलायला नको होतंस तू. आम्ही तुला घरचं समजत होतो."

समजतच होते ते. खोटं नव्हतं. घरात त्यांनी मला जिथे ठेवलं होतं, तिथलीच समजत होते.

आतून आजींचा आवाज आला, कण्हण्याचा. ओल्या झाल्या की त्या तसा आवाज काढतात. माझे पाय उठले. दोन्ही पाय, खुर्चीवरून अर्धी उठले मी. मग परत बसले. वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. शेवटी वहिनी उठून आत गेल्या. ते सोपं गेलं असं नाही. आजींनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांचंच तर बोट होतं खालच्या रूमकडे. पण मी बसले.

आम्ही निघालो तेव्हा कुणी दारापर्यंत आलं नाही. खुर्च्या तशाच राहिल्या. लिफ्टमध्ये नवरा म्हणाला, "रूम गेली." मी म्हटलं, "हो." पोरगी म्हणाली, "झोके?" गेटबाहेर आल्यावर ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. रडू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "अगं, कमिटी तयार नाही. मी किती समजावलं त्यांना. पण मी एक मार्ग काढलाय. तू इथेच राहा ना, चोवीस तासांना. आईंच्या खोलीत गादी टाकते तुझ्यासाठी. जेवणखाण इथेच. मुलीला गावी ठेव थोडे दिवस, आणि ते काय, पुरुषमाणूस, कुठेही राहतील. तुझी सोय होईल बघ."

प्रेमाने म्हणाल्या. आवाज खरंच प्रेमाचा होता. त्यांना वाटत होतं त्या माझं भलं करतायत.

तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसलं. त्या घरात मला जागा होती. पलंगाखाली, आजींच्या पायाशी, हाक मारली की उठायला. नव्हती ती फक्त दार लावून घेण्याइतकी जागा. माझा नवरा, माझी पोरगी, माझं आडनाव, माझ्या चुलीवरचा वास, हे सगळं बाहेर ठेवून जी उरते ती बाई त्यांना घरची वाटत होती.

"वहिनी," मी म्हटलं, "उद्यापासून दुसरी बाई बघा."

"अगं, आईंचं कसं होईल?"

"आई तुमच्या आहेत."

फोन ठेवला. ब्युरोवाल्या मॅडम खूप बोलल्या, नाव खराब केलंस म्हणाल्या. पुढचं काम मिळायला वेळ गेला. ते दिवस कसे काढले ते सांगत बसत नाही.

आता आम्ही काशीमिऱ्याला राहतो, हायवेच्या आत, गॅरेजच्या मागे. पत्र्याची खोली. मालक इथला जुना, आधी मिठागर होतं म्हणे त्यांचं. त्याने कागद बघितले आणि म्हणाला, "रूम हाय. पानी रोज येल असा न्हाय. बघा, पटतंय का." एवढंच. तो काही देवमाणूस नाही. पत्रा गळतो, सांगितलं तर "करू, करू" म्हणतो. ट्रक गेला की भांडी हलतात. पोरीची शाळा लांब पडली. झोका नाही, मैदान नाही. तिला मी खोटं सांगत नाही की इथे छान आहे. छान नाही.

अ‍ॅग्रीमेंटचे अकरा महिने संपले की परत निघायचंय. परत ब्रोकर, परत "पूरा नाम?", परत कुणाच्या तरी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर. मला माहितीये. बदललेलं काहीच नाही. त्या सोसायटीत पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाची मुलाखत झाली असेल, चहा दुसऱ्या बाईने केला असेल.

पण आता ब्रोकरने रूम दाखवायच्या आधी मी आमचं पूर्ण नाव सांगते. आडनाव, गाव, बौद्ध आहोत, मच्छी खातो. मग म्हणते, आता दाखवायची तर दाखवा. निम्मे तिथूनच परत जातात. जाऊ दे. माझा वेळ वाचतो. नवरा आधी म्हणायचा, एवढं कशाला तोंडावर? आता तोही सांगतो. परवा एका मालकाला फोनवर माझ्याआधी त्यानेच सांगितलं.

नाही म्हणणं त्यांच्या हातात आहे. इमारती त्यांच्या, कमिट्या त्यांच्या, सह्या त्यांच्या. हजार वेळा म्हणतील. म्हणू देत. मी हजार दारं बघेन. पण माझ्या लेकीला खालची फळी दाखवायचं काम त्यांना स्वतःच्या हाताने करावं लागेल, तिच्या डोळ्यांत बघून, आणि मी समोर उभी असताना. माझा हात ते करणार नाही.